काशी, बत्तीस सेकंदांत

ऑफिसचा फोन बरोबर ३२ सेकंदांनी तुटतो. एकतिसाव्याला नाही, तेहेतिसाव्याला नाही. आधी त्याचं कौतुक करू. संध्याकाळची गंगा आरती सोडली तर वाराणसीत एवढ्या वक्तशीरपणे दुसरं काही होत असल्याचं ऐकिवात नाही. गाड्या आपल्या मर्जीने येतात, वीज आपल्या मर्जीने जाते, आणि दहाची वेळ दिलेले गुरुजी साडेअकराला पायऱ्या उतरतात. फोन मात्र असा, की त्यावर घड्याळ लावावं.

ऑफिस कुठलं, ते विचारू नका. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची खोली, नाव, श्राद्ध आणि प्रयाग-काशी-गया जोडून देणारं एक ऑफिस, एवढं पुरे. प्रकार तुमच्या ओळखीचा आहे. मालकांचे चिरंजीव शिकून आले, टेबलावरचा काळा फोन भंगारात गेला आणि कॉम्प्युटरच्या पोटातला फोन आला. डोक्याला हेडफोन, पडद्यावर हिरवं बटण. त्याच आठवड्यात नेटवर्क ‘सुरक्षित’ झालं. सुरक्षित म्हणजे काय, तर काल जे आपोआप चालत होतं ते आज परवानगीशिवाय चालत नाही, आणि परवानगी कोण देतो हे सांगता येत नाही. सुरक्षेच्या कारणास्तव.

आता ३२ सेकंदांत काशीत काय होतं? ‘का गुरू’ म्हणून समोरच्याकडे वळायला आणि पान या गालातून त्या गालात सरकवायलाच तेवढी जातात. उत्तर त्यानंतर सुरू होतं. आणि फोन करणारी आपली माणसं काही कमी नाहीत. साताऱ्याच्या काकूंचा फोन ऐका.

“हॅलो. हॅलो, कोण? काशीचं ऑफिस ना? मी साताऱ्याहून बोलतेय. येतंय का ऐकू? नाही, मला तुमचं येतंय, तुम्हाला माझं येतंय का? बरं. आमच्या वन्संना गेल्या वर्षी तुम्हीच खोली दिली होती बघा, तळमजल्यावरची, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या, त्यांनीच हा नंबर दिला. तर आमचं असं आहे, की आमचे हे...”

खट्ट.

यांचं काय, ते काशीला अजून कळलेलं नाही. हे येणार आहेत, की यांना जिना चढवत नाही, की हे गेले? उत्तरावर खोली ठरते किंवा पिंड ठरतात. फरक किरकोळ नाही.

काकूंचं एक वेळ सोडा, संकल्पाचं काय करणार? हल्ली परदेशातला मुलगा फोनवरून श्राद्ध करवून घेतो. गुरुजी इथे दर्भ घेऊन बसतात, मुलगा तिथे हात जोडून. संकल्पात आधी कल्प येतो, मग मन्वंतर, युग, द्वीप, खंड, नदीचा तीर, काशीची एकूण एक क्षेत्रनामं, मग संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र, आणि या सगळ्यातून धापा टाकत माणूस आपल्या गोत्रापर्यंत पोचतो. गुरुजींनी जिभेला कितीही पळवलं तरी कलियुगाचा पहिला चरण लागतो न लागतो तोच फोन जातो. परत लावला की परत श्वेतवराह कल्पापासून सुरुवात. न्यू जर्सीच्या एका मुलाने आरंभलेलं वडिलांचं श्राद्ध असंच मन्वंतरात अडकून पडलंय. वडिलांना गती मिळेल तेव्हा मिळेल, आधी नेटला मिळू दे, असं म्हणून मुलाने आपल्याकडचा राउटर बदलला. फोन ३२ सेकंदांनी तुटला.

ऑफिसातल्या पोरांनी यावर तोडगा काढला, बोलण्याचे हप्ते पाडले. पहिल्या फोनला नमस्कार आणि गाव, दुसऱ्याला नाव-गोत्र, तिसऱ्याला तारखा, चौथ्याला भाव. तोडगा चांगला होता. पण नव्या व्यवस्थेत येणारा फोन जो मोकळा असेल त्याच्याकडे जातो. त्यामुळे पहिला हप्ता एकाने घेतलेला, दुसरा दुसऱ्याने, आणि तिसरा पुन्हा नमस्कारापासून. कोल्हापूरचे काश्यप नांदेडच्या भारद्वाजांच्या खोलीत उतरले. एका कुटुंबाने पंचक्रोशी सांगितली होती, त्यांना नौकाविहार मिळाला. चौथ्या फोनला भाव ऐकून गिऱ्हाईक म्हणतं, “मघाशी कमी सांगितला होतात.” मघाशी भाव सांगितलाच नव्हता, वर्षश्राद्धाची तिथी सांगितली होती.

पण हा ३२ आकडा आला कुठून? इंटरनेटवरून फोन लावण्याची आणि उचलण्याची रीत लिहून ठेवलेली आहे. पद्धतीचं नाव एसआयपी, दस्तऐवज जून २००२ चा, पानं २६९. (त्याच वर्षी १ एप्रिलपासून आपल्या देशात इंटरनेटवरून फोन करायला परवानगी मिळाली. तारखेवर विनोद करत नाही.) रीत अशी: फोन उचलला की उचलणाऱ्या यंत्राने ‘उचलला’ म्हणून निरोप धाडायचा, आणि पलीकडून ‘कळलं’ अशी पोच यायची. पोच आली नाही तर निरोप पुन्हा धाडायचा. आधी अर्ध्या सेकंदाने, मग एका, मग दोन, मग दर चार सेकंदांनी. अर्ध्या सेकंदाच्या चौसष्ट पट वाट बघायची आणि तरीही पोच नाही म्हटल्यावर पलीकडे कोणी नाही असं धरून फोन ठेवून द्यायचा. अर्ध्याची चौसष्ट पट ३२. चिरंजीव, हे गणित तिसरीचं आहे.

पोच येत का नाही, तेही अवघड नाही. ऑफिसातल्या कॉम्प्युटरचा १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता त्या चार भिंतींपुरताच खरा. डेटाचं पाकीट बाहेर पडताना दारावरचा राउटर पाकिटावर खरा, जगाला समजणारा पत्ता घालतो. आतल्या मजकुरात मात्र घरातलाच पत्ता राहतो, आणि पोच त्या आतल्या पत्त्यावर धाडायची अशी रीत. म्हणजे ‘नळाशेजारी, वरचा मजला’ एवढाच पत्ता घालून साताऱ्याहून ब्रह्माघाटच्या गल्लीत पत्र टाकायचं आणि उत्तराची वाट बघत बसायचं. हा घोळ निस्तरायला कित्येक राउटरांत ‘एसआयपी एएलजी’ नावाची सोय असते. ती जाता जाता आतला पत्ता दुरुस्त करायला जाते आणि पुष्कळदा होता तेवढाही बिघडवून ठेवते. म्हणून या धंद्यातला कुठलाही अनुभवी कारागीर आधी ती बंद करून बघा म्हणतो. एक खूण काढायची. एक टिचकी.

आता यातला चमत्कार बघा. काकू बोलतायत, पोरगं ऐकतंय, दोघांना एकमेकांचा आवाज खणखणीत येतोय. आणि त्याच वेळी खाली यंत्र पुन्हा पुन्हा, एकंदर दहा वेळा, तोच निरोप धाडत बसलंय. मग ते ठरवतं की पलीकडे कोणी नाही, आणि काकूंना वाक्याच्या मध्यावर तोडतं. काकू आहेत हे काकूंच्या आवाजाने सिद्ध होत नाही. दाखला लागतो. यंत्र परदेशी बनावटीचं असेल, पण या देशात ते किती पटकन रुळलं!

तर ती टिचकी कोणी मारायची? फोनवाले म्हणतात, आमच्याकडून सगळं बरोबर जातंय. नेटवाले म्हणतात, लाइनचा वेग बघा, काटा कुठे गेलाय बघा. सुरक्षावाले म्हणतात, फायरवॉलने काही अडवलेलं नाही. अडवलं असतं तर नोंद दिसली असती. नोंद तुम्हाला दाखवता येणार नाही. तिघांचं एका गोष्टीवर एकमत आहे: आमच्या बाजूने सगळं ठीक आहे. तीन बाजू ठीक असलेला हा त्रिकोण बंद पडलाय कसा, हे विचारणारा चौथा माणूस अजून नेमलेला नाही.

आणि आता तपासणीबद्दल बोलू, कारण इथे माझं डोकं फिरतं. तक्रार केली की मदतकक्षातून एक मुलगा येतो. येतो म्हणजे दुरून कॉम्प्युटरचा ताबा घेतो. तो रीस्टार्ट करायला सांगतो. हेडफोन काढून परत घालायला सांगतो. सॉफ्टवेअर काढून परत घालतो. पासवर्ड बदलतो आणि नवा पासवर्ड कोणालाही सांगू नका म्हणून मोठ्याने सांगतो. मग म्हणतो, “आता मी तुम्हाला फोन लावतो सर, उचला. येतोय ना माझा आवाज? मला तुमचा येतोय. ओके ना सर? धन्यवाद.” झालं. बारा-पंधरा सेकंद. तपासणी यशस्वी, तक्रारीचं तिकीट बंद. अहो, जो फोन ३२ सेकंदांनी तुटतो त्याची तपासणी पंधरा सेकंद बोलून! आणि ही एका मुलाची चूक नाही, तीच रीत आहे, कारण त्याला दिवसाला अमुक तिकिटं बंद करायचीत आणि अर्धा मिनिट गप्प बसून राहण्याचा पगार त्याला मिळत नाही. “जरा थांब बाळा, अर्धा मिनिट बोल माझ्याशी,” असं ऑफिसातल्या वयस्क हिशेबनिसांनी एकदा त्याला विनवलं. “काय बोलू सर?” म्हणाला. काशीशी बोलताना एखाद्याला अर्धा मिनिट विषय सुचू नये, याला कलियुगाचा दुसरा चरण म्हणतात. तक्रार फोनवर करावी, तर ऑफिसात फोन हाच. हिशेबनीस मदतकक्षाला फोन लावतात, तिकडे नऊ पर्याय ऐकवले जातात, पाचव्या पर्यायापर्यंत त्यांचा निम्मा वेळ सरतो, मग तक्रार क्रमांक सांगा म्हणतात, ते चष्मा लावतात, आणि खट्ट. थोड्या वेळाने मेल येतो: ग्राहकाने संवाद अर्धवट सोडल्यामुळे तिकीट बंद करण्यात येत आहे. सेवेला पाचपैकी किती तारे द्याल?

शेवटचा आसरा म्हणून माकडं. कोणीतरी सांगितलं, “सर, वाराणसी ना? बंदर काटत असतील केबल.” आरोप निराधार नाही. २०१५ मध्ये घाटांवर वाय-फाय आणलं तेव्हा नदीकाठी टांगलेल्या फायबर केबल माकडांनी खरोखरच कुरतडल्या होत्या, परदेशातल्या वर्तमानपत्रांनीही ती बातमी चवीने छापली. पण माकडाने केबल तोडली की फोन लागतच नाही. माकड सेकंद मोजत बसत नाही. काम अर्धवट सोडत नाही, तिकीटही बंद करत नाही. माझं म्हणणं एवढंच, की या प्रकरणात आपल्या बाजूने खरोखर सगळं ठीक असलेला तो एकटाच पक्ष आहे.

तो काळा फोन भंगारात घातला, हे मला अजून सहन होत नाही. त्याला वीज एक्स्चेंजमधून, तारेतूनच यायची, ४८ व्होल्टची. गल्लीतली बत्ती गुल झाली, इन्व्हर्टर झोपला, तरी तो वाजायचा. त्याला पासवर्ड नव्हता, अपडेट नव्हता. त्यात खरखर होती, कबूल. पण खरखरीत काकूंचं वाक्य पुरं व्हायचं.

विनोद इथे संपतो. या ऑफिसात फोन करणारी निम्मी माणसं सहलीला येणारी नसतात. कोणी आईच्या अस्थी घेऊन महानगरी एक्स्प्रेसमध्ये बसलेलं असतं आणि उतरल्यावर कुठे यायचं, एवढंच विचारत असतं. फोन तुटला की रेंज गेली असं आता कोणी मानत नाही. पलीकडच्याने ठेवला, असं जो तो मानतो. दुःखातल्या माणसाच्या मनात एवढंच राहतं, की काशीत सुद्धा आपलं बोलणं कोणी पुरं ऐकून घेतलं नाही. इकडे पोरगं हेडफोन घालून “हॅलो, हॅलो” करत असतं. दोघंही बिचारे एकमेकांना उद्धट समजतात, आणि जे खरे उद्धट आहेत त्यांच्या बाजूने सगळं ठीक असतं.

आणि एवढं करून सुरक्षित झालं काय? काम तर थांबत नाही. ऑफिसातली पोरं आता सगळा कारभार आपापल्या मोबाइलवरून करतात. म्हाताऱ्या माणसांच्या आधार कार्डांचे फोटो, फोन नंबर, पैसे भरल्याच्या पावत्या, सगळं त्या पोरांच्या स्वतःच्या व्हॉट्सअ‍ॅपवर. उद्या त्यातलं एखादं पोर नोकरी सोडून जाईल, तेव्हा तो मोबाइल आणि त्यातली शेकडो आधार कार्डं त्याच्यासोबत जातील. फायरवॉल जागची हलणार नाही. तिच्या आत राखण करण्यासारखं काही उरलेलंच नसेल.

ज्या सुरक्षेतून काम होत नाही, तिला वळसा घालूनच काम होतं. मग ती कार्यालयाची सुरक्षा राहत नाही, ती बसवणाऱ्याची तेवढी राहते.

म्हणून दोन विनंत्या. ऑफिस चालवणाऱ्यांनी ती एक टिचकी मारून बघावी, आणि तपासणीचा फोन निदान दोन मिनिटं चालू ठेवावा. बोलायला काही सुचलं नाही तर संकल्प म्हणावा. आणि वाचकहो, या हंगामात काशीला फोन केलात तर वन्संच्या गुडघ्यापासून सुरुवात करू नका. आधी स्वतःचा नंबर सांगा, मग गोत्र.