केबिनवाला

केबिनवाला ओळखायचा तो मानेवरून. स्वारी खाटेवर आडवी असते, फोनवर ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’ चालू असतो, आणि डावं वळण आलं की फोनबरोबर मान, मानेबरोबर खांदा आणि खांद्याबरोबर खाटही कुरकुरत डावीकडे कलते. हा खेळ मालेओ या इंडोनेशियातल्या कंपनीने २०१७ साली काढला. रस्ते तिकडचे, दुकानं तिकडची. पण गाडी आपल्या हाताने रंगवायची सोय असल्यामुळे ह्याच्या गाडीला एसटीचा लाल रंग आणि कपाळावर ‘मलकापूर–बुलढाणा’. इंडोनेशियातही गाड्या डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे ड्रायव्हर आपल्यासारखाच उजवीकडे बसतो. भूगोलाची उरलेली तफावत हा मनाने भरून काढतो. तिकडच्या कुठल्याही वळणदार चढाला तो राजूर घाट म्हणतो. चार मित्र चार फोनवरून एकाच ताफ्यात ऑनलाइन असतात. ताफा म्हणजे खरं तर एकामागे एक जायचं, पण तरण्या पोरांचा ताफा दोन वळणांच्या पुढे ताफा राहत नाही, शर्यत होतो. आणि मग भांडण निघतं ते कट मारल्याचं नव्हे, कॅमेऱ्याचं. बाकीचे तिघे गाडीच्या मागून, जरा उंचावरून बघत चालवतात. हा केबिनमध्ये बसून, ड्रायव्हरच्या नजरेने. त्या तिघांकडे तो माळकऱ्याने मटणाच्या ताटाकडे पाहावं तसा पाहतो. “बाहेरून तं कोणबी चालवते!”

हा अभिमान याच मातीत उगवावा, याला कारण आहे. बुलढाणा जिल्ह्याचं ठिकाण, पण गावाला रेल्वे नाही. रेल्वे खाली सपाटीवर, मलकापूर-नांदुरा-शेगावकडून निघून जाते. वर अजिंठ्याच्या डोंगररांगेत यायचं तर घाट चढावा लागतो. मलकापूरकडून आलात तर राजूर घाट, खामगावकडून आलात तर ज्ञानगंगा अभयारण्यातला बोथा घाट. रेल्वेच्या गावातलं पोर इंजिन पाहत मोठं होतं, इथलं पोर एसटीच्या ड्रायव्हरची पाठ पाहत. लांबलचक गिअरचा दांडा, ताटाएवढं स्टिअरिंग आणि वळणावर ते फिरवताना वर-खाली होणारे खांदे त्याने पुढच्या सीटवरून मन लावून पाहिलेले असतात. त्यामुळे केबिनची ओढ खोटी नाही. खोटा आहे तो दावा, की केबिनमधून दिसतं तेच खरं, आणि बाहेरचा कॅमेरा म्हणजे लबाडी.

ड्रायव्हरची नजर म्हणजे नेमकं काय, हे एकदा पट्टी घेऊन मोजावं. साडेसहा इंची फोन आडवा धरला की त्याची रुंदी भरते साधारण १५ सेंटीमीटर. डोळ्यांपासून ३० सेंटीमीटरवर धरला, तर समोरच्या जगातला जेमतेम २८ अंशांचा तुकडा त्यात मावतो. खऱ्या ड्रायव्हरला मान न हलवता दोन्ही डोळ्यांनी जवळजवळ १८० अंश दिसतं. म्हणजे केबिनवाला गाडी चालवतो ती पत्र्याच्या डब्याला भोक पाडून त्यातून बघत. त्या भोकाचाही खालचा भाग डॅशबोर्ड खातो, आणि डावा आरसा नेमका तिथे असतो जिथे त्याचा अंगठा. रस्ता जास्त दिसावा म्हणून खेळवाले चित्र आवळून बसवतात. मग पुढचा टेम्पो असतो त्याहून लांब वाटतो आणि ब्रेक टेम्पोच्या आत लागतो. ज्याच्याकडे तीन मोठे पडदे आणि ९०० अंश फिरणारं स्टिअरिंग आहे, त्याने ड्रायव्हरच्या नजरेचा अभिमान खुशाल बाळगावा. तरी त्याच्याकडेही एक गोष्ट नसतेच. खरा ड्रायव्हर निम्मी गाडी बुडाने चालवतो. मागचं चाक खड्ड्यात गेलं, गाडी कलली, ब्रेकला सुस्तावली, हे सगळं त्याला सीट सांगते. खाट सांगत नाही. ती फक्त कुरकुरते.

आता बाहेरच्या कॅमेऱ्याकडे या. बुलढाण्याच्या काय किंवा चिखलीच्या काय, स्टँडावर फलाटाला लागलेली एसटी मागे काढताना पाहा. ड्रायव्हर एकटा काढतो का? कंडक्टर मागे जाऊन उभा राहतो, शिट्टी मारतो, “येऊ द्या, येऊ द्या” म्हणतो आणि फार झालं की पत्र्यावर थाप मारतो. त्या पन्नास-एक माणसांच्या गाडीला पहिल्यापासून बाहेरचा डोळा जोडलेला आहे. त्याला पगार आहे, बिल्ला आहे, एक घंटा मारली की थांबा आणि दोन मारल्या की चला, अशी भाषासुद्धा आहे. पडद्यावरच्या गाडीतून खेळवाल्यांनी हा माणूस उतरवून घेतला. गाडी घाटात आतून घासतेय की नाही, मागचं चाक वळणाच्या आत किती कापतंय, हे सांगायला कोणी उरलं नाही. बाहेरचा कॅमेरा म्हणजे तोच कंडक्टर, फक्त तिकीट न फाडणारा. त्याला लबाडी म्हणणं म्हणजे महामंडळावरच संशय घेणं झालं.

यावर केबिनवाल्याकडे वाघ असतो. २०१९ च्या डिसेंबरात टिपेश्वर अभयारण्याकडचा एक वाघ सुमारे १,३०० किलोमीटरची भटकंती करून ज्ञानगंगेत आला. गळ्यातल्या कॉलरमुळे वनखात्याला तो नकाशावर वरून दिसत होता; वाघाला मात्र समोरचं झुडूप तेवढं दिसत होतं. “आन् पोचला कोन? वाघच ना?” दाखला जोरदार आहे, यात शंका नाही. पण वाघाला फलाटावरून रिव्हर्स घ्यायचा नव्हता, आणि मागे पन्नास सीटा नव्हत्या.

त्याचा दुसरा मुद्दा मात्र असा हसून घालवता येत नाही. शर्यतीत मागच्या-वरच्या कॅमेऱ्याला पुढच्या गाडीच्या टपावरून पलीकडचं दिसतं, बाजूला कोण घुसलं तेही दिसतं. घाटात वळणाआधी हॉर्न वाजवायचा तो पलीकडचं दिसत नाही म्हणूनच. ज्याला दिसतं त्याने हॉर्न कशाला वाजवावा? इथे केबिनवाला बरोबर आहे. २००८ पासून चालणाऱ्या ‘आयरेसिंग’ या मोटारशर्यतीच्या खेळात तर गाडी आतूनच चालवावी लागते, बाहेरच्या कॅमेऱ्यातून शर्यतच करता येत नाही. तेव्हा ताफ्याने आधी ठरवावं, सगळे आत किंवा सगळे बाहेर, आणि मग कट मारावेत. शिवाय केबिनमधून वेग कळतो, तसा बाहेरून कळत नाही. शंकरपटात कडेला उभ्या असलेल्यांना जोडी पळताना दिसते. छकड्यावरच्या धुरकऱ्याला पायाखालची जमीन पळताना दिसते. हे सुख ज्याला हवं त्याने आत बसावं. पण ते सुख आहे, कसब नव्हे. ‘आतून शिकलेलं उद्या खऱ्या रस्त्यावर कामी येते’ हेही तो सांगून पाहतो. ज्या फोनला क्लच नाही, त्याच्या जोरावर आरटीओच्या मैदानात कोणी उतरू नये.

आणि एवढं सगळं झाल्यावर त्याचं व्हॉट्सॲपचं स्टेटस उघडून पाहावं. रोज एक फोटो असतो. त्यात डॅशबोर्ड नसतो, स्टिअरिंग नसतं, आरसाही नसतो. घाट चढून झालेला असतो, ऊन उतरलेलं असतं. लाल गाडी रस्त्याच्या कडेला जराशी तिरपी उभी असते, पाटी स्पष्ट वाचता येईल अशा बेताने, पुढची चाकं थोडी वळवून ठेवलेली. खाली लिहिलेलं असतं, ‘आपली लालपरी’. तो फोटो काढण्यापुरता अंगठा डाव्या आरशावरून निघतो, कॅमेऱ्याच्या बटणावर जातो, आणि केबिनवाला मिनिटभर खाली उतरून, चारी बाजूंनी फिरून आपली गाडी बघून घेतो.