कानटोपीवर हेल्मेट

डिसेंबर लागला की निफाडचं नाव पेपरात झळकतं. एरवी कांद्याच्या भावापुरतं आठवणारं आमचं गाव कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातल्या पाऱ्याच्या जोरावर थेट पहिल्या पानावर जाऊन बसतं. पारा पाचाच्या आसपास घुटमळू लागला की मुंबईचे नातेवाईक फोन करतात, "मजा आहे बुवा तुमची!" ही मजा भल्या पहाटे मोटरसायकलवर बसून समोरून अंगावर घ्यायची असते, हे त्यांना कोण सांगणार?

थंडीत माझं गाडी काढणं हा घरातल्या सगळ्यांचा कार्यक्रम असतो. आई कानटोपी चढवते. बायको "अहो, थांबा जरा" म्हणत गळ्याभोवती मफलरचे वेढे घालते. वडील कालच्या पेपरची घडी पुढे करतात, "शर्टाच्या आत घाल, वारा लागत नाही." हा उपाय मात्र अस्सल आहे. कागद वारा अडवतो आणि घड्यांमध्ये ऊब धरून ठेवतो. पारा घसरल्याची बातमी ज्या पेपरात, तोच छातीशी धरून मी थंडीला सामोरा जातो.

भांडण जुंपतं ते कानटोपीवरून. लोकरीच्या जाड टोपीवर घातलेलं हेल्मेट डोक्यावर नसतंच, ते टोपीवर असतं. पट्टा हनुवटीखाली पुरत नाही आणि पुरला तरी हेल्मेट डुगडुगतं. त्यात मागून वाजलेला हॉर्न ऐकू येईल तर शपथ! हे सांगितल्यावर आई म्हणते, "मग हेल्मेट काढ, कान झाक." शेवटी हेल्मेटच्या आत पातळ सुती रुमाल, यावर तह होतो. मफलरची टोकं जॅकेटच्या आत खोचायची, हे कलम मी घालतो. चेनला किंवा चाकाला मफलरची माया कळत नाही.

रस्त्याला लागलं की काचेचं नाटक सुरू. काच खाली घेतली की श्वासाने धुरकटते, वर केली की डोळ्यांना धारा लागतात. मधला मार्ग म्हणजे बोटभर फट. निघण्यापूर्वी काचेला आतून साबणाचा पुसटसा हात फिरवून कोरड्या फडक्याने पुसलं, तरी बराच वेळ निभतं. बोटांचं तसं नाही. दोन गावं मागे पडली की ती आपली राहत नाहीत. डोकं म्हणतं ब्रेक दाब, आणि बोटं त्यावर विचार करू लागतात. म्हणून वाटेत चहाला थांबणं ही चैन नव्हे. दोन्ही पंजे ग्लासभोवती धरून बसायचं, चहा नंतर प्यायचा. गारठ्याने टायरमधली हवाही आकसते, त्यामुळे ती निघण्यापूर्वी, टायर थंड असतानाच तपासावी.

2017च्या एप्रिलपासून बनणाऱ्या दुचाकींचा पुढचा दिवा गाडी चालू असेपर्यंत पेटलेलाच असतो. तरी समोरून येणारा प्रत्येक सज्जन बोटं मिटून-उघडून "लाइट चालू आहे" असं बजावतोच. धुक्यात मला त्या दिव्याचाच आधार वाटतो. तेवढा तो अप्परवर टाकू नये. धुक्यावर आपटून उजेड आपल्याच डोळ्यांत येतो आणि पुढे सगळं पांढरंफटक.

त्या पांढऱ्यातच खरा घात दबा धरून असतो. द्राक्षबागा वाचवायला रात्रभर पेटवलेल्या शेकोट्यांचा धूर धुक्यात मिसळलेला, आणि त्यातून लासलगाव-पिंपळगावकडे निघालेले लाल कांद्याचे ट्रॅक्टर. जोडीला कारखान्याची वाट धरलेला ऊस, एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. आधी ट्रॅक्टरवरचं गाणं ऐकू येतं, मग उसाचे शेंडे हेल्मेटसमोर डोलताना दिसतात. आपण सगळी तयारी थंडीची करतो. पण थंडीने फार तर नाक गळतं, ट्रॉलीने माणूस जातो.

तेव्हा दुचाकीवाल्यांनो, धुकं विरेपर्यंत घरीच आणखी एक चहा घ्या. मस्टरवर उशिराची खूण पडली तर पडू द्या. आणि ट्रॅक्टरवाल्या दादांनो, तुमची गाणी आम्हाला पाठ झाली आहेत. ती वाजवणाऱ्या बॅटरीतली थोडी वीज मागच्या लाल दिव्यालाही द्या.