काका निंटेंडोत आहेत

अमेरिकेतल्या शाळांमध्ये १९८०-९०च्या दशकांत दर वर्गात एखाद्या तरी मुलाचे काका निंटेंडो या जपानी गेम कंपनीत कामाला असत. पुढचा मारिओ कधी येणार, त्यात गुप्त वाटा कुठे असणार, हे सगळं त्या मुलाला मधल्या सुट्टीच्या आत कळलेलं असे. काका मात्र कुणी पाहिलेले नसत. आपल्याकडे हे खातं मंत्रालयातल्या मामाकडे आहे.

ती मुलं आता चाळिशी-पन्नाशीला टेकली. डोक्यावरचे केस गेले, काका गेले नाहीत. बढती मिळून ते ‘खात्रीलायक सूत्र’ झाले, आणि २०२४ साली नव्या गेम कन्सोलच्या घोषणेवरून त्यांनी जो धुमाकूळ घातला त्याला तोड नाही.

सुरुवात खुद्द कंपनीनेच करून दिली. ७ मे २०२४ रोजी निंटेंडोचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी चार ओळींत कळवलं, की ‘स्विच’ या कन्सोलच्या वारसदाराबद्दल या आर्थिक वर्षात घोषणा करू. सोबत हेही, की जूनमध्ये आमचा एक कार्यक्रम आहे, पण त्यात या विषयाचा चकार शब्द निघणार नाही. म्हणजे घोषणा काय, तर पुढे घोषणा होईल. आणि अमुक दिवशी ती होणार नाही. जपानचं आर्थिक वर्ष आपल्यासारखंच ३१ मार्चला संपतं. मार्च एंडच्या मुदतीची कामं कधी उरकतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याने दिवाळी, नाताळ निवांत घालवून मगच डोकं वर काढलं असतं. पण अंदाजवाल्यांना एवढा धीर कुठला?

त्यांची साधनसामग्री बघण्यासारखी असते. निंटेंडो बोलली नाही तरी बोटीने जाणाऱ्या मालाच्या याद्या कुठेतरी नोंदलेल्या असतातच. त्यात एखाद्या सुट्या भागाची ओळ सापडली की रात्रभर तिच्यावर कीर्तन चालतं. (या शास्त्राला भारताचाही हातभार लागलेला आहे. साधारण दहा वर्षांपूर्वी आपल्या कस्टमच्या आयात-निर्यातीच्या नोंदी ‘झौबा’ नावाच्या साइटवर उघड्या मिळत. चाचणीसाठी कुठलं नवं ग्राफिक्स कार्ड भारतात उतरलं, हे जगभरचे हौशी लोक तिथे वाचत आणि रुपयांचे डॉलर करत बसत.) २०२२ मध्ये एनव्हिडिया या चिप कंपनीवर सायबर हल्ला होऊन बरीच माहिती फुटली, तिच्यात ‘एनव्हीएन-२’ असं नाव निघालं. स्विचच्या ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरचं नाव एनव्हीएन. तेव्हा पुढे दोनचा आकडा लागला याचा अर्थ बारशाची तयारी सुरू आहे, असं ठरलं. हा तर्क खरा निघाला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण त्या बारशाच्या किती तारखा निघाल्या, त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

तोंडावर आपटायची सवय होतीच म्हणा. २०२१च्या उन्हाळ्यात ‘स्विच प्रो’ येणार, फोर-के चित्र दाखवणार, जूनच्या आत जाहीर होणार, असा गजर चालला होता. ६ जुलैला कंपनीने जाहीर केला तो जुनाच स्विच, फक्त सात इंची ओलेड पडदा लावलेला. यावर अंदाजवाल्यांचा खुलासा तयार होता: आमचा अंदाज बरोबरच होता, कंपनीने ऐनवेळी बेत बदलला.

पण खरी बहार आली ऑक्टोबर २०२४ मध्ये. महिन्याच्या दोन तारखेला क्योतोजवळच्या उजी गावात निंटेंडोचं संग्रहालय उघडलं. आता भूतकाळ काचेच्या कपाटात गेला, म्हणजे भविष्यकाळ दारात उभा, असं गणित मांडलं गेलं. आणि खरंच, ९ ऑक्टोबरला कंपनीने नवं यंत्र जाहीर केलं.

गजराचं घड्याळ.

नाव ‘अलार्मो’, किंमत जवळपास १०० डॉलर. लाल, गोल, पोट सुटल्यासारखं. उशाशी ठेवलं की आतला सेन्सर माणसाची हालचाल टिपतो. कूस बदलली की मारिओच्या दुनियेतले आवाज काढतो, लोळत पडलं की कटकट वाढवतो आणि अंथरुणातून उठलं की गप्प बसतो. थोडक्यात, घरोघरी जे काम आई फुकट करते तेच. कन्सोलसाठी महिनोन्‌महिने जागरण केलेल्या लोकांना कंपनीने जागं करायचं यंत्र विकायला काढावं, यात मुद्दाम काही नसेलही. पण १८८९ पासून पत्ते छापत आलेल्या घराण्याला हातातलं पान झाकून कसं खेळायचं हे शिकवायला नको. महिनाअखेर जुन्या गेमचं संगीत ऐकवणारं ॲपही आलं. कन्सोल सोडून सगळं आलं.

कंपन्या इतक्या तोंड मिटून का बसतात, याचं एक कारण आपल्या तमिळनाडूत वाढलं. ॲडम ऑस्बर्न यांचं बालपण तिरुवण्णामलैला गेलं; वडील आर्थर ऑस्बर्न हे रमण महर्षींचे शिष्य आणि चरित्रकार. महर्षींचा उपदेश मुख्यतः मौनातून. तिथे वाढलेल्या या मुलाने पुढे अमेरिकेत १९८१ साली ‘ऑस्बर्न १’ हा उचलून नेता येणारा संगणक काढला (वजन अकरा किलो, उचलणाऱ्याने आपापल्या जबाबदारीवर). तो धडाक्यात खपला. मग १९८३ मध्ये पुढच्या मॉडेलची वाच्यता वेळेआधी झाली, गिऱ्हाईक म्हणालं थांबूया, आणि सप्टेंबरात कंपनीचं दिवाळं निघालं. स्पर्धकांचं स्वस्त यंत्र वगैरे इतर कारणंही होती, असं जाणकार सांगतात; पण धंद्याच्या पुस्तकांत ‘ऑस्बर्न परिणाम’ हेच नाव राहिलं. मौनाच्या गावात वाढून बोलून बसल्याबद्दल अजरामर व्हायचं, याला नशीबच लागतं.

बरं, अजिबात न बोलूनही चालत नाही. ११ मे १९९५ रोजी लॉस एंजेलिसच्या ई-थ्री प्रदर्शनात सेगाचे टॉम कॅलिन्स्की उभे राहिले. ‘सॅटर्न’ हे यंत्र २ सप्टेंबरला येणार, असं सगळे धरून चालले होते. ते म्हणाले, दुकानांत आलंसुद्धा, ३९९ डॉलर. अंदाजवाल्यांचं तर सोडाच, बहुतेक दुकानदारांनाही पत्ता नव्हता; ज्यांना माल मिळाला नाही त्यांपैकी केबी टॉइजसारख्यांनी सेगाकडे पाठच फिरवली. त्याच दिवशी सोनीचे स्टीव्ह रेस व्यासपीठावर आले, ‘२९९’ एवढंच म्हणाले आणि खाली उतरले. प्लेस्टेशनचं निम्मं काम तिथेच झालं.

२०२५च्या जानेवारीत लास व्हेगासच्या सीईएस प्रदर्शनात कमाल झाली. गेंकी नावाच्या, कन्सोलची जोडसामग्री बनवणाऱ्या कंपनीने निंटेंडोच्या न जाहीर झालेल्या यंत्राचा थ्रीडी प्रिंटरवर काढलेला नमुना लोकांना दाखवला. नवरदेव मांडवात यायच्या आत त्याचा पुतळा! निंटेंडोने, हे आमचं अधिकृत नव्हे, एवढंच सांगितलं. मग १६ जानेवारीला अडीच मिनिटांच्या आतला व्हिडिओ आला: ‘निंटेंडो स्विच २’. ती तारीख दोन-चार जणांनी आधी सांगितली होती. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली म्हणावं, तर त्यांना बहुधा खरंच कुणीतरी सांगितलेलं असावं. व्हिडिओत किंमत नव्हती, विक्रीची तारीख नव्हती. होतं काय, तर २ एप्रिलला सविस्तर सांगू.

मात्र उजव्या कंट्रोलरवर एक नवं, कोरं बटण दिसत होतं. झालं! पुढचे अडीच महिने त्या बटणावर निघाले. २ एप्रिलला उलगडा झाला, की त्यावर ‘सी’ असतं आणि ते दाबलं की मित्रांशी गप्पा मारता येतात. त्याच दिवशी अमेरिकेत ट्रम्प यांनी आयातशुल्काची यादी वाचली आणि तिथलं ९ एप्रिलचं आगाऊ बुकिंग २४ वर गेलं. शुल्कात किंमत किती चढेल, हा नवा विषय आयताच हाती आला. भारतात निंटेंडोची अधिकृत विक्री नसल्याने इथले गडी आधीपासूनच न्यू जर्सीतल्या चुलतभावाच्या तिकिटाची तारीख आणि लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराचा शब्द, या दोन गोष्टींवर अंदाज बांधत होते. ५ जूनला यंत्र विकायला आलं. पहिल्या चार दिवसांत जगभरात ३५ लाखांहून जास्त खपलं.

अंदाजवाल्यांनी ते विकत घेतलं असेलच, पण खेळायला वेळ कुणाला आहे? ऑक्टोबर २०२५ मध्ये सोनीचे मार्क सर्नी एका व्हिडिओत पुढच्या कन्सोलबद्दल बोलता बोलता ‘काही वर्षांत’ म्हणून गेले. प्लेस्टेशन ४ नोव्हेंबर २०१३ मध्ये आला, प्लेस्टेशन ५ नोव्हेंबर २०२० मध्ये. सात मिळवून नोव्हेंबर २०२७चा मुहूर्त काढून झालेला आहे. सोनीला कळवायचं तेवढं राहिलंय.