टाकी फुल टू फुल

नगर जिल्ह्यात माणसाला वय विचारा, सोसायटीचं कर्ज विचारा, फार तर हसून टाळेल. ‘गाडी ॲव्हरेज काय देते?’ हे मात्र जपून विचारावं. एक तर उत्तर थोडक्यात येत नाही, आणि खरं तर मुळीच येत नाही. दर दोन-चार गावांआड एक तरी माणूस असा असतो, की ज्याच्या दारात जुनी पिकअप उभी असते आणि तिचं निम्मं आयुष्य बॉनेट उघडं ठेवून गेलेलं असतं. सोयीसाठी त्याला आपण नाना म्हणू. अण्णा म्हटलं असतं, पण या जिल्ह्यात ते नाव पारनेर तालुक्याने केव्हाच अडवून ठेवलंय.

आपले नाना नेवासे तालुक्यातले. चार-सहा एकर रान, त्यात कांदा, कडेला ऊस, आणि २००६ मॉडेलची महिंद्रा पिकअप. इंजिन २५२३ सीसीचं, टर्बो वगैरे भानगड नाही. तिचं ॲव्हरेज नानांच्या मते चौदा आणि मिस्त्रीच्या मते दहा. काकूंचं म्हणणं, “आकडे तुमचे तुम्ही सांभाळा, घरी पैसे किती आले तेवढं सांगा.”

या नादाचं मूळ लूनात आहे. लूना काढणाऱ्या कायनेटिकचा कारखाना नगरचा. १९७२ साली ही गाडी बाजारात आली आणि पुढे किती तरी वर्षं मास्तर, ग्रामसेवक, दूधवाले सगळे तिच्यावरच फिरले. नानांची पहिली गाडीही लूनाच. लिटरभर पेट्रोलमध्ये ती नेवाशाहून नगर गाठायची आणि वर घोडेगावपर्यंत परतीचं पेट्रोल उरायचं, असं नाना सांगतात. घोडेगावचं गाव दरवर्षी थोडं पुढे सरकतं, एवढंच. पन्नास सीसीच्या लूनाने लावलेली ही सवय सव्वा टन मालाच्या पिकअपने पुरवावी, ही त्यांची साधी अपेक्षा.

नानांची ॲव्हरेज काढायची पद्धत शास्त्रशुद्ध आहे. टाकी फुल करायची, फिरायचं, पुन्हा फुल करायची, भागाकार करायचा. पंपावर पोऱ्याने नोझल लावला आणि तो खटकन बंद पडला, की इतरांची टाकी भरते. नानांची तिथून सुरू होते.

“थांब, फेस बसू दे.”

फेस बसतो. आणखी थोडं डिझेल जातं. मग नाना खाली उतरतात, बॉडीला खांदा लावतात आणि गाडी डाव्या-उजव्या अंगाला हलवतात. आत अडकलेली हवा गुडगुड करून वर येते. पुन्हा पाव लिटर. मागे रांगेत ट्रॅक्टर, दोन टेम्पो आणि एक नवरदेवाची गाडी हॉर्न वाजवत असतात. नाना टाकीच्या तोंडात डोळा घालून डिझेल काठाला टेकल्याची खात्री करतात आणि लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर लिटर लिहितात, पॉइंटनंतर दोन आकड्यांपर्यंत.

किलोमीटरचं काय? मीटरची केबल तुटून दोन वर्षं झाली. किलोमीटर नाना अंदाजाने धरतात. “नगर साठ, आन आतल्या रस्त्याचं धर पाच-सात.” डिझेल थेंबाने आणि रस्ता ओंजळीने, असं हे गणित. उत्तर चांगलं आलं तर नानांची अक्कल, वाईट आलं तर पंपवाल्याचं माप.

एरवी नानांचा कशावर विश्वास नाही. हवामान खात्यावर नाही, बियाण्याच्या कंपनीवर नाही, कांद्याच्या भावावर तर नाहीच. पण ॲव्हरेज वाढवणारी वस्तू विकायला आलेला माणूस त्यांना देवमाणूस वाटतो. एकाने टाकीत टाकायच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्याने पाण्याची बाटली बसवली, त्यातून म्हणे हायड्रोजन निघून इंजिनात जातो. ती बाटली पुढे काकूंनी काढून कोंबड्यांना पाणी पाजायला घेतली. मग कुणीसं सांगितलं म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकला. नानांचा मुद्दा बिनतोड होता, “आपल्याकडं आधीच एवढं ऊन, इंजनाला वेगळं गरम करायची गरज काय?” खरं तर इंजिनाला ऐंशी-नव्वद अंशांची ऊब लागते. थंड इंजिन डिझेल नीट जाळत नाही, ते जास्त पितं. पण फेकलेला थर्मोस्टॅट उकिरड्यात सापडेना. शेवटी गाडीचं वजन कमी करावं म्हणून नानांनी स्टेपनी घरी ठेवली आणि मोकळ्या जागेत कांद्याच्या दोन गोण्या जास्त टाकल्या. त्याच खेपेला गाडी पांढरीपुलाजवळ पंक्चर झाली. तिथे चहा पिता पिता नानांनी मला ‘वजन आणि ॲव्हरेज’ या विषयावर तासभर ऐकवलं.

बरं, नानांना नुसतं ॲव्हरेज नको, पॉवरही हवी. घोडेगावच्या बाजारात भाव पडला की नाना कांदा नगरला नेप्तीला घेऊन निघतात. पंचवीस गोण्यांच्या गाडीत पंचेचाळीस गोण्या. इमामपूरच्या घाटात गाडी पहिल्या गिअरवर येते, रेडिएटर उकळतो, आणि मागून कारखान्याचा ऊस भरलेला ट्रक पुढे निघून जातो. हा अपमान नानांना सहन होत नाही. मग ते मिस्त्रीला सांगून पंपाचं डिझेल वाढवून घेतात. गाडी घाट चढते, पण सायलेन्सरमधून असा काळा धूर सोडते की मागच्या मोटारसायकलवाल्यांनी आधी पाऊस आला म्हणून बघावं आणि मग शिव्या द्याव्यात. टाकी लवकर रिकामी होते. नाना डिझेल कमी करून घेतात. घाट पुन्हा अंगावर येतो. पंपाचा तो स्क्रू इतक्या वेळा फिरलाय की आता स्क्रूड्रायव्हर दाखवला तरी हलत असेल.

मिस्त्रीने त्यांना एकदा समजावलंही. “नाना, पावर डिझेलातूनच येती. डिझेल कमी करा आन पावर वाढवा म्हणजे वैरण तोडा आन दूध वाढवा.”

नाना म्हणाले, “तशी बी गाय असंल कुठंतरी.”

वास्तविक नानांचं इंजिन बिचारं आपल्या परीने बरंच करतं. लिटरभर डिझेलमध्ये जेवढी उष्णता असते, तिचा तिसरा हिस्सा कामाला लागला तरी अशा जुन्या इंजिनाची पाठ थोपटावी. बाकीची रेडिएटर आणि सायलेन्सरवाटे हवेत जाते. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली जर्मनीत आपलं इंजिन तपासून घेतलं, तेव्हा हा हिस्सा सुमारे २६ टक्के भरला आणि जग थक्क झालं. तिथून नानांच्या गाडीपर्यंत यायला इंजिनिअरांच्या तीन-चार पिढ्या खपल्या. नाना पुढचा टप्पा रविवारी दुपारी, लिंबाखाली, दहा-अकराच्या पान्याने गाठणार होते. याच नगरला संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे. तिथे लष्कराच्या गाड्या मोठमोठ्या चाचण्यांतून जातात. नानांच्या मते त्यांचं सगळं बरोबर आहे, फक्त ते लोक ॲव्हरेजकडे लक्ष देत नाहीत.

हे मत त्यांनी स्वतः खात्री करून बनवलं आहे. मुलांच्या सुट्टीत आम्ही नगरचं रणगाडा संग्रहालय पाहायला गेलो होतो. १९९४ पासून ते तिथे आहे. जगभरचे रणगाडे, पासष्टच्या युद्धात हाती लागलेला पाकिस्तानी पॅटन, पोरं हरखून गेली. नाना पॅटनभोवती एक चक्कर मारून आले आणि तिथल्या जवानाला म्हणाले, “साहेब, हा ॲव्हरेज काय देतो?” जवान गंभीरपणे म्हणाला, इथं लिटरला किती किलोमीटर असं नसतं, किलोमीटरला किती लिटर असं असतं. नाना बराच वेळ गप्प होते. बाहेर पडताना म्हणाले, “नोझल गेले असतील त्याचे.”

घाट उतरताना मात्र नाना खरे फुलतात. उतार लागला की गाडी न्यूट्रल. थोडा मोठा उतार असला की चावी बंद. “फुकट चाललीय बघ!” म्हणून ते माझ्याकडे पाहतात. मी समोर पाहत असतो, कारण दोघांपैकी एकाने तरी पाहिलेलं बरं. इंजिन बंद पडलं की ब्रेकला मिळणारा व्हॅक्यूमचा जोर संपतो आणि पेडल दगड होतं, हे त्यांना ठाऊक आहे. गाडी गिअरमध्ये ठेवून पाय उचलला तरी पंपाचा गव्हर्नर उतारावर डिझेल तोडतो, म्हणजे मरणाची जोखीम न घेताही तेवढंच वाचतं, हेही मी त्यांना सांगून पाहिलं. पण त्यात चावी फिरवायला मिळत नाही. पीसीआरए ही सरकारी संस्था १९७८ पासून इंधन वाचवायला शिकवते आहे. ताशी ४५ ते ५५ ने चालवा, टायरमध्ये हवा ठेवा, क्लचवर पाय ठेवून बसू नका. नानांनी ते सगळं वाचलंय. “ह्यात विकत घ्यायचं काय हाये?” असं विचारून त्यांनी तो कागद डिपस्टिक पुसायला घेतला.

एक दिवस नाना चुंबक घेऊन आले. डिझेलच्या पाइपला बाहेरून आवळायचं, म्हणजे डिझेलचे रेणू सरळ रेषेत उभे राहतात आणि ॲव्हरेज तीस टक्के वाढतं. किंमत अठराशे. अमेरिकेत सरकारी पर्यावरण संस्थेने असली शंभरावर साधनं तपासली, दखल घ्यावी असा फायदा एकातही दिसला नाही, असं मी म्हणालो. “त्यांचं डिझेल येगळं,” नाना म्हणाले आणि गाडी मिस्त्रीकडे घातली.

मिस्त्रीने चुंबक हातात घेऊन खालीवर पाहिलं, काही बोलला नाही, बसवून दिलं. मग नाना चहाला गेल्यावर त्याने एअर फिल्टरचं डबडं उघडलं. आत माती, चिमणीचं पीस आणि कांद्याचा वाळका पाला. फिल्टर फरशीवर आपटला तर मूठभर ढीग पडला. “एक लिटर डिझेल जाळायचं तर दहा हजार लिटरच्या वर हवा लागती,” तो म्हणाला. “ती बिचारी ह्याच्यातून यायची. काळा धूर नाही सोडणार तर काय करणार?” मग जॅक लावून मागचं चाक उचललं आणि हाताने फिरवलं. अर्धा फेरा झाला आणि चाक जागेवर थांबलं. ब्रेक धरून बसले होते. नाना इतके दिवस ब्रेक लावूनच घाट चढत होते. मिस्त्रीने ब्रेक सैल केले, नवा फिल्टर घातला, घरातला जुना थर्मोस्टॅट बसवला, चारी टायरांत हवा मारली आणि जाता जाता मीटरची केबलही जोडून दिली.

पुढच्या खेपेला गाडी इमामपूरचा घाट दुसऱ्या गिअरवर चढली. धूर नाही. फुल टू फुल हिशेब केला, खऱ्या किलोमीटरवर, तर बारा भरले. नानांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. त्यांनी बॉनेट उघडलं आणि चुंबकाला हळद-कुंकू लावलं.

मी रागारागाने मिस्त्रीकडे गेलो. म्हटलं, खरं काय ते सांगून टाक त्यांना. त्याच्या फळीवर एक नवा खोका उघडलेला होता, आत पंचवीस-तीस चुंबकं.

“सांगून बघितलं की वर्षानुवर्षं,” तो म्हणाला. “फिल्टर बदला म्हणलं की गिऱ्हाईक म्हणतं, पुढच्या खेपेला. ब्रेक सोडून घ्या म्हणलं की म्हणतं, चालतंय अजून. चुंबक म्हणलं की खिशात हात जातो. म्हणून आता चुंबकाचे अठराशे घेतो आन त्यातच फिल्टर, ब्रेक, हवा, सगळं करून देतो. गुण येणारच.”

नाना स्वतः गावोगाव फिरून त्याला गिऱ्हाईकं आणून देत आहेत. नेवासे तालुक्यात एका हंगामात एवढ्या जुन्या पिकअपांचे एअर फिल्टर बदलले गेल्याचं दुसरं उदाहरण नसावं.