अनुभव वाढला, गुण उतरले

कॅनडाला म्हणे कुशल माणसं हवीत. गुण देऊन स्थलांतरित निवडायची पद्धत त्यांनी 1967 मध्येच आणली, म्हणजे या धंद्यात ते जुनेजाणते. 2015 पासून सगळा मामला 'एक्स्प्रेस एंट्री'तून चालतो. प्रोफाइल भरायची, 1200 पैकी आपले गुण घ्यायचे आणि पूलमध्ये पडून ड्रॉची, म्हणजे ठराविक गुणांच्या वरच्यांना बोलावणं धाडणाऱ्या फेरीची, वाट बघायची.

आता कुशल कोणाला म्हणायचं ते बघा. पुण्यातली एक इंजिनिअर घ्या. वय 29, अविवाहित, एम.टेक., नोकरीची तीन वर्षं, आयईएलटीएसमध्ये ऐकण्यात 8 आणि बाकी सगळ्यात 7. तिचे गुण 469. तिलाच चाळिशीत पुन्हा गाठा. अनुभव चौदा वर्षांचा, हाताखाली टीम, अडलेली कामं सगळी तिच्याच टेबलावर. आता गुण 409. कॅनडाबाहेरचा अनुभव या गणितात तीन वर्षांपर्यंतच मोजतात, चौथ्या वर्षापासून पुढचा सगळा फुकट. वय मात्र तिशी लागली की दर वाढदिवसाला गुण खातं आणि पंचेचाळिशीला खातं बंद. केक कापायचा की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

बरं, तिशीच्या आत गेलो म्हणून सुटलो, असंही नाही. 2024 मधल्या सर्वसाधारण ड्रॉंची गाडी 500 च्या खाली एकदाही उतरली नाही. 469 वाली तरुणीही फलाटावरच.

नवरा सोबत न्यायचा असेल तर अर्जदाराच्या स्वतःच्या गुणांची मर्यादा 500 वरून 460 वर येते. उरलेले 40 त्याने कमवायचे. त्याची डिग्री 10, भाषा 20 आणि कॅनडातल्या कामाचे 10. इथून पहिल्यांदाच निघालेल्या जोडप्याचे शेवटचे 10 पासपोर्ट काढायच्या आधीच बुडाले. 'मला इंग्रजी येतं, परीक्षा कशाला' म्हणणारा नवरा असेल तर आणखी 20 गेले. (असे नवरे बरेच आहेत.)

मग तिकडची नोकरीच हातात घेऊन गेलं तर? त्याला पूर्वी 50 किंवा 200 गुण होते. नोकरीची पत्रं विकायला दुकानं निघाली, तेव्हा सरकारने मार्च 2025 मध्ये हे गुणच काढून टाकले. चोर सापडत नाहीत म्हणून दागिने घालायलाच बंदी. खरी नोकरी मिळवलेल्यालाही आता तिचे शून्य.

एक दार मात्र सताड उघडं आहे. फ्रेंच! आपल्या चाळिशीतल्या बाईंनी फ्रेंचच्या चारही पेपरांत सातवी पातळी गाठली की 409 चे थेट 471 होतात. शिवाय फ्रेंचवाल्यांचा ड्रॉ वेगळा. 21 मार्च 2025 ला तो 379 वर लागला. चौदा वर्षांच्या इंजिनिअरिंगने जे जमलं नाही ते क्रियापदं चालवून जमतं. गंमत म्हणजे ही सवलत क्वेबेकबाहेर राहायला जाणाऱ्यांसाठी आहे, क्वेबेक आपली माणसं स्वतः निवडतो. फ्रेंच शिका आणि जिथे बहुतेक लोक इंग्रजी बोलतात तिथे राहा. तिथल्या अल्पसंख्य फ्रेंच वस्त्या टिकाव्यात हा हेतू, आणि तो रास्तच आहे. फक्त त्याला कौशल्य म्हणू नये. दहावीला 'स्कोरिंग' म्हणून संस्कृत घेतलेल्यांचं मात्र चुकलंच.

कोणाला बोलवायचं हा कॅनडाचा हक्क, त्याबद्दल तक्रार नाही. तरुण हवेत, फ्रेंच येणारे हवेत, असं सरळ सांगा की! कामात मुरलेल्या माणसाला कुशल म्हणून बोलवायचं आणि मुरल्याबद्दलच मागे ढकलायचं, याला आमच्याकडे थट्टा म्हणतात.

तरीही जायचंच असेल तर एवढं करा. प्रोफाइल भरायला एक पैसा लागत नाही, ती स्वतः भरा. पीआरची (कायमच्या वास्तव्याची) हमी देणाऱ्या एजंटाच्या केबिनमधून उठून या, अशी हमी कोणीच देऊ शकत नाही. पैसे देऊन सल्लागार घ्यायचाच असेल तर कॅनडाच्या 'कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स'च्या जाहीर यादीत त्याचं नाव शोधा. तिथे नसेल तर चेक फाडू नका.