शंभरपैकी एक्क्याण्णव

जड, काळ्याभोर सिगारला गुण देताना नव्वदच्या खाली उतरायचं नसतं. अमेरिकेत 1992 साली 'सिगार अफिसिओनादो' हे मासिक निघालं. त्याच्या शंभर गुणांच्या परीक्षेचा हल्ली दहावीच्या निकालासारखा प्रकार झाला आहे. नव्वद म्हणजे पोरगं काठावर पास. मी माझ्या सिगारला एक्क्याण्णव दिले. वरचा एक, तो मी स्वतःच्या पैशांनी घेतला म्हणून.

निकाराग्वाचा मादुरो. हे नाव उच्चारताना माझी मान आपोआप थोडी मागे जाते. वरचं पान जास्त उबेत, जास्त काळ आंबवलेलं, म्हणून जवळजवळ काळं. पोटात लिगेरो, म्हणजे रोपाच्या शेंड्याकडची, भरपूर ऊन खाल्लेली जाड, तिखट पानं. ती सावकाश जळतात म्हणून मधोमध भरतात. सोलहून परतताना विमानतळावरच्या दुकानात मी हे सगळं घोकलं आणि चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टैत परतल्यावर लाइन सुपरवायझरपासून ऑडिटरपर्यंत सगळ्यांना ऐकवलं. सिपकॉटच्या औद्योगिक वसाहतीत गाड्यांचे सुटे भाग करणारा माणूस पानांच्या आंबवणीवर बोलतो, हे ऐकून लोक आदरानं गप्प होतात असा माझा समज आहे. शिफ्ट सुटायची वेळ झालेली असते, तेही कारण असू शकेल.

तर शनिवारची संध्याकाळ, गेस्ट हाऊसची गच्ची, मांडीवर डायरी. पहिल्या टप्प्यात मिरी, कोको आणि जुनं चामडं लागलं. म्हणजे लागलं असं लिहिलं. दुसऱ्या टप्प्यात एकदम जळकं रबर आणि पेट्रोल. इथला मद्रास मोटर रेस ट्रॅक 1990 पासून आहे आणि त्या दिवशी शर्यती होत्या, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरीही 'धाडसी, गुंतागुंतीची चव' असं लिहून ते गुण मी सिगारलाच दिले.

राख स्टीलच्या ताटलीत पाडली. शेरलॉक होम्सनं 1887 सालच्या आपल्या पहिल्याच कादंबरीत जमिनीवरच्या काळपट, पापुद्र्यांच्या राखेवरून त्रिचनापल्लीचा सिगार ओळखला होता, आणि तिरुची तर आमच्याच राज्यातली. मी राखेकडे बराच वेळ रोखून पाहिलं. राख होती.

खरं सांगायचं तर ओढण्यापेक्षा माझा जीव लेक्तोरमध्ये अडकलाय. हवानाच्या कारखान्यांत 1865 पासून ही रीत आहे: कामगार रांगेनं बसून सिगार वळतात आणि उंच बैठकीवर बसलेला एक माणूस त्यांना मोठ्यानं वाचून दाखवतो. आधी वर्तमानपत्र, मग कादंबरी. त्याचा पगार कामगार आपल्याच मजुरीतून वर्गणी काढून देत. सरकारनं वर्षभरातच बंदी घातली, कारण ऐकणारी माणसं विचार करू लागतात. पण वाचन पुन्हा सुरू झालंच. द्यूमाची 'काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो' कामगारांना इतकी आवडे की 1935 साली निघालेल्या एका सिगारचं नावच मोन्तेक्रिस्तो पडलं. वाचन आवडलं की कामगार पानं कापायच्या सुऱ्या टेबलावर वाजवत. ही नोकरी मी मनातल्या मनात केव्हाच पत्करली आहे. सकाळी अग्रलेख, दुपारी 'मृत्युंजय', आणि कामगारांचा डोळा लागतोय असं दिसलं की हळूच स्वतःचा एखादा ललितलेख. सगळ्या सुऱ्या एकदम वाजतात. ललितलेखानंतर त्या माझ्या दिशेनं का येतात, ते अजून स्वप्नात स्पष्ट झालेलं नाही.

निपाणीच्या वखारीत माझ्या आत्याला कुणी काही वाचून दाखवलं नाही. ती तंबाखू चाळायची. नाकावर पदर घट्ट बांधलेला, भुवयांवर तपकिरी धूळ, नखांच्या कडा कायमच्या पिवळ्या. ती कामावरून आली की मी तिच्या मांडीवर बसायचं टाळायचो. मला कुणी तसं शिकवलं नव्हतं. वासच तसा यायचा, ओलसर, गोडूस, घशात खवखवणारा. माझ्या डायरीत त्याच वासापुढे लिहिलंय: भिजलेली माती, मनुका, रेंगाळणारा शेवट.

बिडीची तंबाखू वेगळी, सिगारची वेगळी, एवढं मला कळतं. पण गच्चीवरून जो रस्ता दिसतो, तो जुना एन. एच. 4, आताचा 48. तो उलटा धरला की बंगळुरू, हुबळी, बेळगाव आणि मग निपाणी. 1981 साली शेतकरी नेते शरद जोशींच्या हाकेवर तंबाखूचे शेतकरी निपाणीपाशी हाच रस्ता अडवून बसले होते. पानाला भाव मागत होते. एप्रिलमध्ये पोलिसांनी गोळ्या झाडल्या, माणसं मेली. आणि मी त्याच रस्त्याच्या या टोकाला पाय पसरून पानाला गुण वाटत बसलोय, याचा त्या क्षणी मला मनस्वी राग आला. राग बराच टिकला असता, पण तेवढ्यात मला तंबाखू लागली.

दरदरून घाम. गच्ची डाव्या बाजूला कलली. जिना मी बसून उतरलो. स्वयंपाकी अण्णानं माझ्या तोंडाकडे पाहिलं, काही न विचारता डब्यातून वेल्लमचा, म्हणजे गुळाचा, खडा काढून हातावर ठेवला आणि परत कांदा चिरायला लागला.

गूळ चघळत आत्याला फोन लावला. सगळं सांगितलं, मनुका-चामड्यासकट.

"आरं, त्यो वास जावा म्हणून आमी अंगाला दगड लावून घासायचो," ती म्हणाली, "आन् तू इकत घेतुयास? केवढ्याला?"

मी एक शून्य गाळून आकडा सांगितला. तरीही तिनं जी शिवी घातली, ती अग्रलेखानंतर वाचायला हरकत नाही.