पडदा बदलला, स्टेशन हरवलं

डोंबिवलीकर लोकलमध्ये शिरला की त्याचे हात त्याचे राहत नाहीत. एक कडीला, दुसरा सॅकला. अशा माणसाच्या मनगटावर लोकलचं वेळापत्रक दाखवायचं, हे ज्याला सुचलं तो नक्कीच विंडो सीटवाला.

घड्याळातल्या या अ‍ॅपच्या पहिल्या पडद्यावर ‘डोंबिवली’ निवडा, दुसऱ्यावर ‘ठाणे’. तिसरा पडदा अदबीनं विचारतो, ‘कुठून निघणार?’ अहो, आत्ताच तर सांगितलं!

खरं तर एका पडद्यावरची निवड पुढच्या पडद्याला कळवायची सोय जुनीच आहे. अ‍ॅपलच्या घड्याळात २०१५ पासून पुढचा पडदा उघडताना सोबत ‘कॉन्टेक्स्ट’ देता येतो. नवा पडदा जागा होताच तो हाती घेतो. अँड्रॉइडवाल्यांचा सल्ला आणखी काटकसरीचा: सगळं बिऱ्हाड पाठवू नका, नुसता आयडी द्या, बाकीचं पुढचा पडदा साठ्यातून काढून घेईल. शिवाय निवड वेळच्या वेळी जपून ठेवा. कारण मनगट खाली गेलं की पडदा झोपतो आणि मेमरी कमी पडली तर यंत्रणा अख्ख्या अ‍ॅपलाच खाली उतरवते.

पण अशा अ‍ॅपची चाचणी होते एसी ऑफिसात, खुर्चीत रेलून. तिथे मनगट हवं तेव्हा वर येतं. इथे लोकलमध्ये कोपर स्टेशन गेलं, दिवा गेलं, तरी हात जागचा हलत नाही.

एक माहिती मात्र हे घड्याळ न विसरता प्रत्येक पडद्यावर पोहोचवतं: ‘नाडी वाढली आहे. थोडा वेळ बसून घ्या.’